गंप्या परत दिसला! रविवार कारंज्याजवळच्या रिपेअरवाल्या काकांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हे लांबणार आहे. दुकान म्हणाल तर आठ बाय सहा, गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल, पण तिथं माझ्या जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनचं जे काम झालं ते पाच स्टार आणि 'छान सर्व्हिस' लिहून मोकळं होण्यासारखं नाहीये. आणि असं काम करणारा माणूस आपल्या नाशकात आहे हे मला स्वतःला पन्नाशीला टेकल्यावर कळलं, म्हणून पण लिहितोय.

जागा सांगतो. रविवार कारंज्यावरून मेन रोडकडे चालत निघालात की डाव्या हाताला एक बोळ आहे, तोंडाशी चपलांचं दुकान, आत गेलं की तिसरं शटर. दुकानाला नाव असं नाही, पत्र्याच्या पाटीवर 'रेडिओ टीव्ही टेप मिक्सर दुरुस्ती' एवढंच आणि ते पण अर्धं पुसलेलं. चारचाकी नेऊच नका, टू-व्हीलर पण लांब लावा आणि चालत जा, टोइंगवाले तिथं सारखे फिरतात. काका सत्तरीच्या आसपास असतील, सोबत त्यांची मुलगी असते, तिला सगळे ताई म्हणतात, बारीक सोल्डरिंग सगळं तीच करते.

मी नेलं होतं ते फिलिप्सचं व्हिडिओपॅक जी ७०००. आता बऱ्याच जणांना हे काय ते माहीत नसणार कारण आपल्याकडे व्हिडिओ गेम म्हटलं की नव्वदच्या दशकातला तो खोका, मारिओ, कॉन्ट्रा, आणि वर 'नऊ लाख नव्याण्णव हजार इन वन' लिहिलेली पिवळी कॅसेट. ते सगळे जपानच्या निन्टेंडो फॅमिकॉमचे डुप्लिकेट होते, आणि ओरिजिनल फॅमिकॉम जपानात आला १५ जुलै १९८३ ला. पण त्याच्या आधीची अकरा वर्षं पण घरात टीव्हीला जोडून खेळायची मशीनं निघत होती, डझनांनी, आणि त्यातली बहुतेक आज कोणाच्या लक्षातही नाहीत. व्हिडिओपॅक त्यातलंच. १९७८ चं डिझाइन. अमेरिकेत हेच मशीन मॅग्नाव्हॉक्स ओडिसी २ नावानं विकलं गेलं, कारण मॅग्नाव्हॉक्स कंपनी फिलिप्सनं १९७४ मध्येच घेतली होती.

आमच्याकडे ते आलं मामामुळे. मामा मस्कतला एसी मेकॅनिक होता, १९८३ च्या दिवाळीत आला तेव्हा टू-इन-वन, आईला दोन साड्या आणि हा खोका घेऊन आला. वडील प्रेसमध्ये होते, आम्ही नाशिकरोडला क्वार्टरमध्ये राहायचो, घरात शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. संध्याकाळी आमच्या खोलीत चौदा पंधरा पोरं, एकाच्या अंगावर एक, आणि आई ओरडतेय की वडील यायच्या आत उठा. मशीनवर टाइपरायटरसारखा पूर्ण कीबोर्ड होता पण बटणं वर आलेली नाहीत, सपाट पडदा, त्याच्यावर अक्षरं छापलेली, बोटानं दाबायची. कॅसेट चार. वर धरायला हँडल असलेल्या. चालू केलं की स्क्रीनवर यायचं 'सिलेक्ट गेम' आणि मग कीबोर्डवरचा आकडा दाबायचा. आम्हाला कोणाला इंग्रजी येत नव्हतं, मी ते 'सेलेक्ट गामे' वाचायचो, आणि आमच्या क्वार्टरमध्ये ते मशीनचं नावच पडलं, गामे. 'गामे लाव ना.'

आणि गंप्या. हा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून नीट सांगतो. आमच्या चारपैकी तीन कॅसेटमध्ये एकच माणूस होता. फुटबॉलमध्ये तो, बास्केटबॉलमध्ये तो, बंदुका घेऊन झाडाआडून मारामारी करायच्या गेममध्ये पण तोच. काडीचे हातपाय, गोल डोकं, पळताना पाय असे फेंगडे. आम्हाला वाटायचं हा एकच नट आहे आणि तो सगळीकडे काम करतो. त्याचं नाव दादानं गंप्या ठेवलं होतं.

नंतर मशीन बंद पडलं, मग क्वार्टर सोडलं, आणि ते माळ्यावर गेलं ते तिथंच राहिलं. मागच्या पावसाळ्यात घराचं काम काढलं तेव्हा पोत्यात गुंडाळलेलं सापडलं. एका जॉयस्टिकची वायर उंदरानं कुरतडलेली, बाकी बाहेरून ठीक.

काकांकडे जायच्या आधी मी एका दुसऱ्या ठिकाणी गेलो होतो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नाव घेत नाही. चकाचक काउंटर, टोकन नंबर, मेसेज येतो. दोन महिने ठेवून घेतलं आणि मग म्हणे, सर हे होणार नाही, याचं काही मिळत नाही, तुम्ही असं करा, आतलं सगळं काढून फेकू, डब्यात छोटा बोर्ड बसवून देतो, एचडीएमआय पण येईल आणि दहा हजार गेम. परत आणलं तर खालचे दोन स्क्रू गायब. मला स्क्रूचं एवढं नाही वाटलं. पण 'आतलं सगळं काढून फेकू' हे ऐकून पोटात गोळा आला, का ते मला तेव्हा नीट सांगताही आलं नसतं. ते मला काकांनी सांगितलं.

तर काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी मशीन हातात घेतलं, उलटं केलं, हलवून बघितलं, वास घेतला. खरंच वास घेतला. म्हणाले, "जळालेलं नाही. सर्द झालंय. ठेवून जा, पण घाई करायची नाही." मी म्हटलं काका किती दिवस? तर म्हणाले, "ते हेच सांगेल."

त्यानंतर पाच आठवडे मी दर शनिवारी जात होतो. आधी चौकशी करायला, मग नुसता बसायला. कारण दुकानाच्या मागच्या फळीवर जे काय मांडून ठेवलंय ते बघूनच मी खलास झालो. ते विकायला नाही, हे आधीच सांगतो, विचारू पण नका, काकांना आवडत नाही. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून आणि बुधवारच्या बाजारातून किलोच्या भावात आणलेली मशीनं आहेत, त्यांनी चालू केलेली. त्यात एक लाकडी चौकटीचा खोका आहे, वर दोन गोल फिरवायच्या खुंट्या, कंपनीचं नाव खरवडून गेलेलं. काकांनी ते उघडून दाखवलं तर आत जवळजवळ काहीच नाही! मधोमध एक लांब चिप, आजूबाजूला चार दोन पार्ट. चिपवर लिहिलंय एवाय-३-८५००.

ही चिप मला वाचून माहीत होती पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघितली. जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीनं १९७६ मध्ये काढलेली, टेनिस, फुटबॉल, स्क्वॉश वगैरे सहा गेम अख्खे त्या एका चिपमध्ये. कोणीही ती विकत घ्यायची, खोका बनवायचा, खुंट्या लावायच्या, झालं तयार व्हिडिओ गेम. जगभरात शेकडो कंपन्यांनी तेच केलं, कोलेकोचं टेलस्टार त्यातलंच. म्हणून त्या काळातल्या खोक्यांची नावं शंभर आणि आत गेम तेच. काकांनी ते दुकानातल्या चौदा इंची कलर टीव्हीला लावलं आणि टुक, टुक, टुक. पांढरा चौकोन इकडून तिकडे. मी आणि काका वीस मिनिटं टेनिस खेळलो, बाहेर एक बाई मिक्सर घेऊन उभ्या होत्या त्यांना ताईनं सांभाळलं.

मग असं सुरू झालं की ते बोर्ड वाचून दाखवायचे आणि मला जो इतिहास माहीत तो मी सांगायचो. काकांना बोर्ड कळतात, पण हे कोणी कधी बनवलं ते त्यांना फारसं ठाऊक नव्हतं आणि ऐकायची हौस भयंकर. मी त्यांना राल्फ बेअरचं सांगितलं. जर्मनीत जन्मलेला ज्यू मुलगा, १९३८ मध्ये घरच्यांसोबत अमेरिकेला पळाला, पुढे रेडिओ टीव्हीचं शिकून सँडर्स असोसिएट्स नावाच्या लष्करी सामान बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कला बसची वाट बघत असताना त्याच्या डोक्यात आलं की घराघरात टीव्ही आहे, त्यावर लोक नुसतं बघतात, खेळता का येऊ नये. दुसऱ्या दिवशी चार पानं लिहून काढली. त्यातून पुढे १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ओडिसी आलं, घरी खेळायचं विकत मिळणारं पहिलं मशीन, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. आणि त्यात प्रोसेसर नाही, मेमरी नाही, आवाज पण नाही. नुसते ट्रान्झिस्टर आणि डायोड, चाळीस चाळीसच्या आसपास. स्क्रीनवर फक्त पांढरे ठिपके आणि एक रेघ.

काका म्हणाले, "मग गेम कसला त्यात?"

तर गेम असा, की खोक्यात रंगीत प्लास्टिकचे कागद यायचे, ते टीव्हीच्या काचेला चिकटवायचे. टेनिसचं मैदान कागदावर, हॉकीचं कागदावर, भुताचं घर कागदावर, मागून ठिपका चमकणार. गुण वहीत लिहायचे, मशीनला मोजता येत नव्हतं. सोबत फासे आणि खोट्या नोटा पण यायच्या. हे ऐकल्यावर काका एकदम हसले आणि म्हणाले, अहो ते आपण पण लावायचो की! आणि खरंच की. ज्यांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता त्यांना आठवेल, समोर प्लास्टिकची रंगीत काच लावायची, वर निळा खाली हिरवा, की झाला कलर टीव्ही, बातम्या देणारी बाई कपाळापर्यंत निळी. काका म्हणाले त्यांनी स्वतः त्या कितीतरी विकल्यात. १९८२ मध्ये व्हेक्ट्रेक्स म्हणून एक मशीन आलं होतं, त्याला टीव्ही पण लागत नव्हता, स्वतःचाच नऊ इंची पडदा, आणि त्या पडद्यावर रेघा अशा धारदार उमटायच्या की आजही बघणारा थांबतो, पण रंग नव्हता, मग त्याच्यासोबत पण प्लास्टिकचे रंगीत कागदच द्यायचे. म्हणजे दहा वर्षांनी पण तीच आयडिया.

बरं, रिव्ह्यू आहे, कामाकडे येतो.

काकांनी पहिल्या दोन आठवड्यात मशीन टीव्हीला लावलंच नाही. मला वाटलं विसरले. तर तसं नव्हतं. आधी पूर्ण उघडून, ब्रशनं झाडून, बोर्डाचे फोटो काढून ताईनं वहीत प्रत्येक वायर कुठून कुठं जाते ते काढून ठेवलं होतं. मग पॉवरचा भाग बाकी बोर्डापासून वेगळा करून तपासला. कंडेन्सर वाळलेले, त्यामुळे चिपला लागणारे पाच व्होल्ट स्वच्छ मिळतच नव्हते, ते बदलले. म्हणाले, "जुन्या मशीनला थेट लाइट दिली की संपलं. चाळीस वर्ष झोपलेल्या माणसाला उठवून पळायला लावता का तुम्ही?"

तिसऱ्या आठवड्यात लावलं तर काळा पडदा. नुसता काळा.

मग मी विचारलं की चिप गेली असेल का, तर काका गप्प झाले. त्यांनी मला टेबल लॅम्पखाली बोर्ड दाखवला. दोन मोठ्या चिप. एक इंटेलची ८०४८, हाच याचा मेंदू, आणि चालू केल्यावर काय करायचं ते १ केबीचं लिखाण तिच्या पोटातच कारखान्यात कोरलेलं. दुसरी ८२४५, चित्र काढणारी. ती इंटेलनं मुद्दाम याच मशीनसाठी बनवलेली, अमेरिकेतल्या टीव्हीसाठी ८२४४ आणि आपल्यासारख्या पाल सिस्टिमसाठी ८२४५. कंडेन्सर कुठंही मिळेल, रेग्युलेटर मिळेल, या दोन मिळणार नाहीत. मिळाल्या तर दुसऱ्या मेलेल्या व्हिडिओपॅकमधून काढलेल्याच.

आणि मग त्यांनी ते सांगितलं. मशीनमध्ये मेमरी इतकी कमी, प्रोसेसरच्या आत ६४ बाइट आणि बाहेर १२८ बाइट, कॅसेट पण बहुतेक २ केबीच्या. एवढ्याशा जागेत प्रत्येक गेमवाल्यानं माणूस, झाड, जहाज, विमान नव्यानं काढत बसायचं कसं? म्हणून काही तयार चित्रं चित्रवाल्या चिपमध्येच कायमची कोरून टाकली. चौसष्ट आकार. ए टू झेड, आकडे, झाड, जहाज, विमान, आणि पळणारा एक माणूस.

मी म्हटलं, गंप्या!

काकांना काही कळेना, मग त्यांना सगळं सांगितलं. ताई हातातली सोल्डरिंग गन ठेवून ऐकत होती. म्हणजे तो आमच्या कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हताच. तो मशीनच्या पोटात राहत होता आणि कॅसेट फक्त त्याला बोलावत होती, आज फुटबॉलला ये, उद्या बंदूक घेऊन ये. दादानं सात-आठ वर्षांचा असताना जे ओळखलं होतं ते शब्दशः खरं होतं, एकच नट, सगळीकडे काम करणारा. आणि त्या चकाचक दुकानवाल्याच्या बोलण्यात येऊन मी 'आतलं सगळं' फेकलं असतं तर त्याच्याबरोबर गंप्या भंगारात गेला असता. दहा हजार गेमवाल्या बोर्डात त्याची नक्कल दिसेलही, पण हा, आमच्या क्वार्टरमधला, जो त्या सिलिकॉनच्या तुकड्यात १९८३ पासून बसलाय, तो नाही. मला हे भावनिक वगैरे म्हणून सांगायचं नाहीये, ही सरळ इलेक्ट्रॉनिक्सची गोष्ट आहे.

चौथ्या आठवड्यात दोष सापडला आणि तो चिपमध्ये नव्हता. कॅसेट घालायच्या खाचेत होता. ताईनं भिंगाखाली बघितलं तर खाचेच्या तीन पायांभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. आम्ही पोरांनी इतक्या वेळा कॅसेट घातल्या काढल्या, धसाधसा, की टाकेच हलले होते. आणि खाचेच्या आतल्या पत्र्यांवर हिरवट थर. तिनं ते पाय नव्यानं टाकले, खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ केली, कॅसेटच्या सोनेरी पट्ट्यांवर शाळेतलं साधं खोडरबर हलकं फिरवलं आणि ब्रशनं झटकलं. मला म्हणाली, "कॅसेट सरळ घालायची दादा, तिरकी नाही, आणि काढताना हँडलला धरून. ते हँडल त्यासाठीच दिलंय."

यावरून मला जेरी लॉसनचं आठवलं आणि मी ते त्यांना सांगितलंच, कारण हे लोकांना माहीत असायला पाहिजे. कॅसेट बदलून गेम बदलायचा ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते, पण ती आधी कोणीतरी केली. १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये फेअरचाइल्ड कंपनीचं चॅनल एफ आलं, प्रोग्रॅम असलेली कॅसेट घालायचं ते पहिलं घरगुती मशीन, आणि ती टीम चालवणारा जेरी लॉसन, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय इंजिनिअर. तोपर्यंत असे सर्किट बोर्ड कारखान्यात बसवले जायचे आणि तिथंच राहायचे, लहान पोरं हातानं शंभरदा घालणार काढणार आणि तरी ते टिकणार, स्टॅटिकनं चिप उडणार नाही, हे कोणी करून दाखवलेलं नव्हतं. ते या लोकांनी केलं. गेम मध्येच थांबवायचं होल्ड बटण पण त्याच मशीनवर होतं. पुढच्याच वर्षी अटारीचं व्हीसीएस आलं, १२८ बाइट मेमरीचं, सगळं मार्केट त्यानं खाल्लं आणि चॅनल एफचं नाव मागे पडलं. लॉसनचा मोठा जाहीर सत्कार झाला तो २०११ च्या मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये तो गेला. काकांनी यावर काही म्हटलं नाही, नुसतं त्या खाचेवरून बोट फिरवलं.

बाप-लेकीचं पण एक आहे. आरसीएचं स्टुडिओ २ म्हणून मशीन होतं, १९७७ च्या जानेवारीतलं, जॉयस्टिक नाही, टेलिफोनसारखे आकड्यांचे दोन कीपॅड, आणि चित्र ब्लॅक अँड व्हाइट. चाललं नाही, १९७८ मध्ये बंद पण झालं. मशीन म्हणून ते मला पण फार आवडत नाही, खरं सांगतो. पण त्याच्यातला १८०२ प्रोसेसर ज्यानं बनवला तो जोसेफ वाइसबेकर, आणि त्याच्या मुलीनं, जॉइसनं, १९७६ मध्ये त्या मशीनसाठी गेम लिहून दिले. पैसे घेऊन व्हिडिओ गेम लिहिणाऱ्या पहिल्या बाईचा मान तिच्याकडे जातो. वडिलांनी घरात बनवलेल्या कॉम्प्युटरवर खेळत खेळत ती शिकली होती. ताई म्हणाली, मी पण टेप उघडत उघडतच शिकले.

तर पाचवा शनिवार. काकांनी टीव्हीचं ट्यूनिंग फिरवलं, खरखर, खरखर, आणि मग 'सिलेक्ट गेम'.

अक्षरं रंगीत होती.

मला एक सेकंद काही कळलंच नाही. आम्ही हे मशीन आयुष्यभर ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर खेळलो होतो. मला माहीत होतं की हे कलर मशीन आहे, वाचलं होतं, खोक्यावर चित्र पण होतं, पण मी ते कधी बघितलंच नव्हतं. काकांनी बंदूकवाली कॅसेट घातली, आकडा दाबला आणि दोन गंप्या समोरासमोर उभे, दोघांचे रंग वेगळे! आमच्या घरात या एका गोष्टीवरून किती मारामाऱ्या झाल्यात, दोघं जवळ आले की माझा कुठला आणि दादाचा कुठला हे कळायचं नाही, मग मी म्हणायचो मेलेला तुझा आणि तो म्हणायचा तुझा, आणि आई येऊन दोघांना धोपटायची. दादा आता पुण्यात असतो, तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तो पहिलं वाक्य म्हणाला, "म्हणजे तेव्हा मीच जिंकत होतो." ताईला एवढं हसू आलं.

मग मंचकिन लावलं, व्हिडिओपॅकची ३८ नंबरची कॅसेट. हा गेम माझ्या मते त्या मशीनवरचा सगळ्यात भारी. दिसायला पॅकमॅनसारखा, भुलभुलैया, मागे राक्षस, पण इथं खायचे ठिपके फक्त बाराच आणि ते एका जागी थांबत नाहीत, पळतात, आणि शेवटचा उरलेला तर तुमच्याइतक्याच वेगानं पळतो, त्याच्या मागे नुसतं धावून उपयोग नाही, अडवायला लागतं. शिवाय कीबोर्ड वापरून स्वतःचा भुलभुलैया बनवता येतो, त्या काळात! हा लिहिला एड अॅव्हरेटनं, इंटेलमधली नोकरी सोडून तो या मशीनचे गेम लिहायला बसला होता आणि याचे कितीतरी गेम त्या एकट्याचे आहेत. अटारीकडे घरगुती पॅकमॅनचे हक्क होते, त्यांनी कोर्टात खेचलं, आणि १९८२ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं अटारीच्या बाजूनं मनाई दिली, तिकडे गेम दुकानातून उचलावा लागला. माझं मत विचाराल तर तो नुसता चोरलेला गेम नव्हता, पळणारे ठिपके पॅकमॅनमध्ये कुठं होते? पण ते असो.

आता जे आवडलं नाही ते पण सांगतो, नाहीतर रिव्ह्यू कसला. एक म्हणजे फोन उचलत नाहीत. उचलतच नाहीत, प्रत्यक्ष जायला लागतं. दोन, पावती छापील मिळत नाही, वहीत लिहून कागद फाडून देतात, तो जपा. तीन, वेळ. ज्यांना सोमवारी देऊन बुधवारी पाहिजे त्यांनी जाऊ नका, काकांचा आणि तुमचा दोघांचा त्रास वाचेल. आणि कीबोर्डची एक ओळ अजून कधी कधी दोनदा दाबावी लागते, त्या सपाट कीबोर्डची पट्टी बोर्डाला जिथं जोडते तिथं त्यांनी साफ केलंय पण मूळ पडदाच म्हातारा झालाय, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं, लपवलं नाही.

बिल झालं १,६५० रुपये. पाच आठवड्यांचं काम आणि ताईनं काढलेला तो वायरिंगचा नकाशा धरून. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत. बदललेले जुने कंडेन्सर एका पुडीत बांधून दिले, "तुमचा माल आहे." त्या आधीच्या ठिकाणी हरवलेल्या दोन स्क्रूच्या जागी त्यांनी डब्यातून शोधून त्याच मापाचे बसवलेत, त्याचे पैसे लावले नाहीत.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी त्यांनी विचारलं. मी म्हटलं होतं की नव्या टीव्हीला लावायला काही वेगळी पिन काढता येईल का, तर म्हणाले येईल, पण डब्याला भोक पाडावं लागेल, तुम्ही आधी घरच्या टीव्हीला अँटेनाच्या पिनमधूनच लावून बघा, नाही जमलं तर या. घरी आणलं, एलईडी टीव्हीवर अॅनालॉग चॅनल सर्चला लावलं, दोन मिनिटांत सापडलं. भोक वाचलं. दुसरा कोणी असता तर भोक पण पाडलं असतं आणि त्याचे पाचशे पण घेतले असते.

घरी पोरगी बारावीत आहे, तिला वाटलं होतं बाबांचं काहीतरी जुनं खूळ. आता ती मंचकिनमध्ये भुलभुलैये बनवते आणि मला त्यात अडकवते. मशीन बंद केलं की भुलभुलैया जातो, साठवायला जागाच नाही, म्हणून तिनं चौकोनी वहीत काढून ठेवायला सुरुवात केलीय, अकरा झालेत.

कुरतडलेल्या वायरची जॉयस्टिक अजून काकांकडेच आहे. आमच्या मशीनला ती आतूनच जोडलेली आहे, त्यामुळे तशाच जाडीची, आतून तितक्याच तारांची वायर शोधणं चालू आहे, त्यांनी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. कोणाकडे घरात, माळ्यावर, गावाकडच्या घरी कुठेही व्हिडिओपॅक पडलेलं असेल, मेलेलं असलं तरी, तर टाकू नका आणि उघडू पण नका, कळवा. शनिवारी चारनंतर मी तिथं त्या स्टुलावर सापडेन.